हळदीच्या ट्रॉलीमागून

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण कोणाचं, असं कुणी विचारलं तर मी वडिलांच्याही आधी गोदाआत्याचं नाव घेतो. वडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. तेही तेच म्हणतात. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे काय, हा प्रश्न घरात कुणी काढलाच नव्हता. वडिलांची ही विधवा बहीण तिच्या गावाहून, हट्ट्याहून आली, माझे दोन सदरे पिशवीत भरले आणि म्हणाली, "पोरगं माझ्यासंगं येतंय." विचारलं नाही, सांगितलं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो त्याची सुरुवात त्या पिशवीपासून आहे.

मार्च लागला की नांदेडहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा वास बदलतो. शेतात हळद शिजत असते. मसाल्याच्या डब्यातल्या हळदीशी या वासाचं फारसं नातं नाही. उकडलेलं रताळं, ओलं लाकूड आणि दवाखाना असं काहीतरी एकत्र केलं तर जवळपास जाता येईल. बांधावर लोखंडी कुकर लागलेले असतात, खाली जाळ, वर पांढरी वाफ, आणि पलीकडे ताडपत्रीवर पसरलेली शिजवलेली हळद. ती तेव्हा पिवळी दिसतच नाही, मातकट दिसते. पिवळेपण नंतर येतं, वाळून, ड्रममध्ये घासून घेतल्यावर.

माझ्या डोक्यात हा वास आणि दहावीची परीक्षा एकमेकांना चिकटून आहेत. आत्याच्या वाट्याच्या तुकड्यात तेव्हा थोडी हळद असायची. ती शिजवून झाली की इतरांच्या शेतात गड्ड्यांपासून हळकुंडं मोडून वेगळी करायला ती जायची. तिची बोटं मार्चपासून मेपर्यंत पिवळी असायची. माझ्या परीक्षेचं केंद्र वसमतला आलं. पहिल्या पेपरच्या सकाळी स्टँडवर एस.टी. आली आणि माझे पायच उचलेनात. आत्या मला सोडायला म्हणून आली होती, शेतात जायच्या लुगड्यावर. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या आधी ती पायरी चढली आणि वरून म्हणाली, "चल. मी हाय."

यात मोठं काय, असं वाटेल. आत्याला गाडी लागते. थोडीथोडकी नाही. एस.टी.चं दार लागलं की तिचं तोंड पांढरं पडतं. जीप असो, टेम्पो असो, कुणाच्या लग्नाची ट्रॅव्हल्स असो, ती उतरली की आधी रस्त्याच्या कडेला बसतेच. म्हणून ती कुठे जात नसे. माहेरी यायची तेव्हाही मधे उतरून, अर्धी वाट चालत. आणि तीच बाई त्या मार्चमध्ये माझ्या प्रत्येक पेपरला वसमतला आली. सकाळपासून पोटात काही नाही, हातात एक लिंबू. खिडकीशी बसून ती त्या लिंबाला नख लावायची आणि वास घ्यायची. मी पेपर लिहायचो, ती शाळेच्या आवारात कडुलिंबाच्या झाडाखाली बसून राहायची. संध्याकाळी घरी आल्यावर ते लिंबू ती कोनाड्यात ठेवायची. नखांनी इतकं टोचलेलं असायचं की त्याची साल चाळणीसारखी दिसायची. परीक्षा माझी होती आणि उपास तिचा.

हे सगळं या वर्षीच्या मार्चने पुन्हा वर आणलं, त्याला कारण एक भाड्याची गाडी.

आत्याची एकुलती एक मुलगी मीरा. तिला सेनगावच्या पुढच्या एका गावात दिलेली. आमच्याकडे रीत आहे, लेकीला लेकरू होईपर्यंत आईने तिच्या सासरी जेवायचं नाही. पाणीसुद्धा घेत नाहीत कुणी कुणी. मीराच्या लग्नानंतर बरीच वर्षं लेकरू झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले. आत्या तिच्या घरी एकदाही गेली नाही. लोक म्हणायचे, रीत पाळते. मीराची सासू म्हणायची, "तुझ्या आईला आमच्या घराची वाट माहीत न्हाई वाटतं." मीराला दोन्ही ऐकून घ्यावं लागायचं. मागच्या वर्षी तिला मुलगी झाली. बाळंतपण हट्ट्यालाच झालं, आत्याने ते एकटीने काढलं, आणि सव्वा महिन्यानंतर मायलेकींना सासरी पोचवायला माझे वडील गेले. आता लेकराचं जावळ काढायचं ठरलं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मीराला सख्खा भाऊ नाही, म्हणजे मामा मीच.

मीराचा मला फोन आला. "दादा, तू तर येशीलच. पर आईला आण. ती आली आन जेवली, की माझं माहेर झालं इथं. न्हाई आली तर मी काय सांगू या लोकांला? आता तर रीतबी आडवी न्हाई."

मी नांदेडला नोकरी करतो आणि मोटारसायकल वापरतो. चारचाकी चालवायला दोन वर्षांपूर्वी शिकलो, ऑफिसच्या कामासाठी. आत्यासाठी स्वतः चालवायची गाडी भाड्याने घ्यायचं ठरवलं. दुकानातल्या तरुण माणसाने मोबाईलवर दोन गाड्या दाखवल्या. एक साधी, लहान. दुसरी उंच, नवी, टर्बो इंजिनची. मी उंच घेतली. माझा हिशेब असा होता की ताकद जास्त म्हणजे इंजिनाला त्रास कमी, आणि इंजिनाला त्रास कमी म्हणजे बसणाऱ्यालाही कमी. शिवाय आत्या पहिल्यांदा लेकीच्या दारात उतरणार, तर चांगल्या गाडीतून उतरावी.

"सर, पाय जरा जपून," किल्ली देताना तो म्हणाला. "ही आधी झोपते आणि मग उठून पळते."

त्या वेळी मला ते गाडीचं कौतुक वाटलं.

नांदेड ते हट्टा मी एकटा होतो आणि खरं सांगायचं तर मजेत होतो. आसन उंच असल्यामुळे उसाच्या ट्रकच्या पलीकडचा रस्ता दिसत होता. स्टिअरिंग एका बोटाने फिरेल इतकं हलकं. गावोगावच्या गतिरोधकांवर साध्या गाड्यांचं पोट घासतं, हिचं घासलं नाही. इंजिनाचा आवाज आत जवळजवळ येतच नव्हता. गंमत होती ती पुढे. गाडी उचलताना सुरुवातीला काहीच होत नसे. पाय दाबला तरी ती ढिम्म, विचार करत असल्यासारखी. मग समोरच्या, इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीतला काटा दोनच्या आकड्याजवळ आला की कुणीतरी पाठीत हात घालून ढकलावं तसा जोर यायचा. वसमतच्या अलीकडे एका टेम्पोला मागे टाकताना मी मोठ्याने हसलो. आयुष्यात काही वेळा आपण आलो कुठून हे विसरायला होतं, आणि ते वाईट नसतं.

हट्ट्याला पोचलो तर आत्या ओट्यावर तयार बसली होती. नवं लुगडं, लेकरासाठी झबलं-टोपडं बांधलेलं गाठोडं, हातात लिंबू. "काही खाल्लं का?" मी विचारलं.

"गाडीत बसायचं आन खायचं? येडा झाला का तू?"

मी दार उघडलं, तिला पुढे बसवलं, पट्टा लावला. तिने एकदा मान वर करून छप्पर बघितलं, एकदा काचा. "थंडगार हाय," म्हणाली. आणि मग नाक आक्रसलं. "ह्यो कशाचा वास रे?"

आरशाला मोगऱ्याच्या अत्तराची कुपी लटकवलेली होती. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी म्हणालो, "जाईल थोड्या वेळानं." तो वास जाण्यासाठी नव्हताच.

जवळा बाजार गावाच्या अलीकडे आम्हाला थांबावं लागलं. त्याआधी मी काय काय केलं ते आता नीट आठवतं. दोन ठिकाणी पुढची वाहनं मागे टाकली. वळणाआधी ब्रेक, वळणानंतर जोर. प्रत्येक वेळी काटा दोनवर गेला, प्रत्येक वेळी तो धक्का आला, आणि प्रत्येक वेळी आत्याची मान मागे जाऊन पुढे आली. मला ती गाडीची ताकद वाटत होती. तिला काय वाटत होतं ते तिच्या लिंबाला माहीत.

"काहून पळवून राहिला रे?" एवढंच तिने एकदा विचारलं. मग, "थांब. थांब म्हणते न!"

बाभळीखाली ती बराच वेळ बसून राहिली. मी पाण्याची बाटली धरून उभा. पोटात काही नव्हतंच, त्यामुळे तिला जास्तच तकलीफ झाली. तोंड धुऊन तिने पदराने पुसलं आणि रस्त्याच्या आमच्या आलेल्या बाजूला बघत म्हणाली, "मला एखाद्या ऑटूत बसवून दे. हट्टा लांब न्हाई. तू म्होरं जा."

"अन् मीरा?"

"तिला सांग, आईला बरं न्हाई. खोटं काय हाय त्यात?" मग अगदी सरळ आवाजात, "मामाबिगर जावळ निघत न्हाई दत्ता. आजीबिगर निघतंय."

ही बाई माझ्यासाठी एस.टी.च्या पायरीवर आधी चढली होती, आणि मी तिला थंड हवेच्या, गुबगुबीत गाडीतून जवळ्यापर्यंतही नीट आणू शकलो नव्हतो. म्हटलं, "आत्या, औंढ्यापर्यंत चल. तिथं नाही जमलं तर मी स्वतः तुला परत आणतो. जावळ राहू दे."

"राहू दे म्हणतो! लेकराचं जावळ काय तुझी परीक्षा हाय, पुढल्या वर्षी द्यायला?"

"माझी परीक्षा तू पुढच्या वर्षावर ढकलू दिली नव्हतीस."

ती गाडीत बसली. बसण्याआधी मी मोगऱ्याची कुपी काढून सामानाच्या डिकीत टाकली, हवा बंद केली आणि चारी काचा खाली केल्या.

औंढ्याकडे जाताना एका ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं. अर्धा रस्ता उकरलेला, अर्ध्यावरून दोन्ही बाजूंची वाहनं. तिथून पुढे आम्ही एका ट्रॅक्टरच्या मागे लागलो. मागे ट्रॉली, ट्रॉलीत हळदीची पोती, पोत्यांवर डोक्याला रुमाल बांधलेला एक माणूस पाय पसरून बसलेला. पोत्यांच्या शिवणीतून पिवळी धूळ गळत होती आणि आमच्या काचेवर बसत होती. पुढे काढायला जागा नव्हती. मी तिसऱ्या गिअरमध्ये, काटा दोनच्या खूप खाली, रांगत चाललो. मनात चरफडत होतो. जावळाची वेळ टळत होती.

"कोण्या गावची हळद रे बाबा?" आत्याचा आवाज आला. मी दचकलोच. ती खिडकीतून मान काढून त्या माणसाला विचारत होती.

"जवळ्याकडची! हिंगोलीच्या मोंढ्यात चाललो!" तो ट्रॅक्टरच्या आवाजावरून ओरडला.

"पॉलिश बराबर झालेली दिसून राहिली."

"तर मंग! मावशे, एवढी मोठी गाडी तुमची, आन आमच्या मागं काहून? काढा की म्होरं! रस्ता मोकळा झाला."

रस्ता खरंच मोकळा झाला होता. खणलेला भाग मागे पडला होता. मी आरशात पाहिलं, उजवा निर्देशक लावला.

"राहू द्या," आत्या त्याला म्हणाली. "तुमी चला आपले. आमाला घाई न्हाई."

मी तिच्याकडे पाहिलं. तोंडावर रंग आला होता. लिंबू मांडीवर होतं, हातात नव्हतं. मी निर्देशक बंद केला.

तेव्हा मला ती गाडी कळली. तिच्यात दोन गाड्या होत्या. काटा दोनच्या वर असताना एक होती, ती माझ्यासाठी, हसण्यासाठी. दोनच्या खाली दुसरी होती, कमी बोलणारी, तिला जोर यायला वेळ लागायचा, पण ती धक्का देत नसे. मी आतापर्यंत त्या दुसरीला गाडीचा दोष समजत होतो. चढ आला की गिअर आधीच खाली घ्यायचा, म्हणजे पाय दाबावा लागत नाही. उतारावर ब्रेक उशिरा आणि एकदम नाही, आधीपासून आणि हलका. वळणात पाय तसाच ठेवायचा, उचलायचाही नाही आणि दाबायचाही नाही. औंढ्याच्या पुढे रस्ता डोंगरातून वळतो, तिथे ट्रॉली आणखी हळू झाली आणि आम्हीही झालो. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवून, आमच्याकडे रागाने बघून पुढे गेल्या. एका मोटारसायकलवाल्याने आत डोकावून विचारलं, "पेट्रोल संपलं का साहेब?" आत्याला इतकं हसू आलं की तिने पदर तोंडाला लावला. मी आधी घाबरलो, की पुन्हा उलटी.

त्या संथ वाटेवर ती खूप बोलली. एवढं सलग बोलताना मी तिला वाहनात कधी ऐकलं नव्हतं, कारण वाहनात ती तोंड मिटूनच बसायची. कोणत्या शिवारात कुणाची हळद, कुणी या वर्षी सोयाबीन सोडून हळद लावली. परीक्षेच्या दिवसांतलंही एक सांगितलं. केंद्राच्या आवारात एक शिपाई तिला रोज विचारायचा, "बाई, कोणत्या विषयाचा पेपर आज?" तिला सांगता यायचं नाही, म्हणून ती रोज म्हणायची, "अवघड हाय आजचा."

"आन एक बी सोपा न्हवता," ती म्हणाली. "मला तर न्हवताच."

हिंगोलीत मोंढ्याच्या, म्हणजे बाजार समितीच्या वळणावर ट्रॉली वळली. पोत्यांवरच्या माणसाने हात केला. आत्यानेही केला. पुढे सेनगावचा रस्ता सरळ आणि रिकामा होता, दोन्हीकडे कापणी झालेली शेतं आणि तूर काढून घेतल्यावर उभी राहिलेली धसकटं. कुणीही जोरात पळवावी असा रस्ता. मी समोर अजून ट्रॉली आहे असं धरून चाललो. ती पोती, तो रुमाल, ती गळणारी धूळ मनात ठेवून, तेवढंच अंतर राखून. थोड्या वेळाने बघितलं तर आत्याची मान एका बाजूला कलली होती. ती झोपली होती. गाडीत झोपलेली आत्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

पोचायला उशीर झाला तो झालाच. न्हावी कंटाळून एकदा घरी जाऊन आला होता. मीराची सासू दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आल्या का इहीणबाई? आमाला वाटलं बैलगाडीनं निघाल्या."

"व्हय," आत्या उतरत म्हणाली. "तशीच आणली ह्यानं."

सासूबाई आधी तिच्याकडे आणि मग त्या चकचकीत, पिवळ्या धुळीने माखलेल्या गाडीकडे बघत राहिल्या, आणि मग दोघी हसल्या. मीराने भाकर-तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. आत्या कोणाचाही हात न धरता उंबरा ओलांडून आत गेली.

लेकरू माझ्या मांडीवर बसलं, वस्तऱ्याला बघून भोकाड पसरलं, माझी पँट ओली केली. जावळ आत्याने पदरात झेललं. मग पंगत. पुरणाची पोळी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी, वर तूप. मीरा वाढत होती. आत्याच्या ताटाशी आली तेव्हा तिचा हात थांबला. सगळ्या बायका बघत होत्या, पण बघत नसल्यासारख्या. आत्याने पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. मग दुसरा. सकाळपासून उपाशी बाई ती, नीट जेवत राहिली. पोळी संपली तेव्हा मान वर न करता म्हणाली, "मीरे, आमटी वाढ न. का पावन्यालाच वाढती निसती?"

मीरा आमटी आणायला आत गेली ती लवकर बाहेर आली नाही. शेवटी सासूबाईंनीच पातेलं आणलं.

दुसऱ्या दिवशी, आत्याला तेवढ्याच हळू हट्ट्याला सोडून आल्यावर, गाडी परत करताना दुकानातल्या माणसाने चारी बाजूंनी फिरून ओरखडे तपासले, काचेवरची हळद बोटाने पुसून पाहिली. "कशी वाटली सर? पिकअप बघितला ना?"

"बघितला," मी म्हणालो. "पण हळू फार चांगली चालते."

तो हसला. त्याला मी चेष्टा करतोय असं वाटलं.

आत्याकडे मोबाईल आहे. पण तिला एका कानाने कमी ऐकू येतं आणि फोन ती नेमका त्याच कानाला लावते. चौथीपर्यंत शिकलेली आहे, मोठं अक्षर काढलं तर सावकाश वाचते. म्हणून महत्त्वाचं काही असलं की मी तिला पत्र लिहितो. परवा टाकलेलं हे.

तीर्थरूप गोदाआत्या,

साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोचलो. गाडी परत केली. देण्याआधी आतून झाडायला घेतली तेव्हा तुझ्या बाजूच्या दाराच्या कप्प्यात लिंबू सापडलं. ते मी माझ्या टेबलावर ठेवलं आहे. त्याच्या एका बाजूला नखांच्या खुणा आहेत. त्या जवळ्यापर्यंतच्या. दुसरी बाजू कोरी आहे. वसमतहून परत यायचीस तेव्हा तुझ्या लिंबाला कोरी बाजू राहत नसे.

मीराचा फोन आला होता. तिच्या सासूबाई विचारतात, इहीणबाई आता कधी येतात. लेकराचा वाढदिवस येतो आहे. मी गाडी सांगून ठेवली आहे. तीच मागितली, तिची सवय झाली. मोगऱ्याची कुपी काढून ठेवा म्हणालो. तेव्हा रस्त्यावर हळदीची ट्रॉली नसेल. काळजी करू नकोस, मला तिचा वेग पाठ झाला आहे.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी पहाटेपासून ओट्यावर उपाशी बसू नकोस. भाकरी कर, चहा घे, माझ्यासाठीही ठेव. या वेळी आपण जेवून निघायचं.

तुझा,
दत्ता